कूलरची मोटर आणि भाच्याचे वॉट

रविवार, रात्रीचे साडेदहा

आर्द्रा लागून आठवडा होत आला, पाण्याचा पत्ता नाही. नागपुरात अजून कूलर काढून ठेवायची कोणाची हिंमत नाही, त्यामुळे माझं वाइंडिंगचं दुकान गच्च भरलेलं. काल रात्री साडेअकरापर्यंत मोटरी भरत बसलो आणि आज पहाटे पावणेपाचला सायकल काढली. बायको म्हणाली, "झोपेत पडाल कुठेतरी." पडलो नाही, इतकंच.

भाचा शंकरनगर चौकात उभा. मी तीन मिनिटं उशिरा, तर त्याने नुसतं घड्याळाकडे पाहिलं. लॉ कॉलेज, रविनगर, मग सरळ अमरावती रोड. वाडीच्या पुढे ट्रकांची गर्दी व्हायच्या आत सुटायचं, गोंडखैरीला वळायचं आणि परत. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, स्पर्धा मारतो. त्याच्या सायकलच्या क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांड्यात, पॉवर मीटर आहे, पायाचा जोर वॉटमध्ये मोजणारा, ताईच्या भिशीच्या पैशातून आलेला. तेव्हापासून त्यांच्या घरी भात वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजून वाढतात. ताईचा खरा राग त्या काट्यावर. "शिजायच्या आधीचं वजन का नंतरचं, असं विचारून राहिला मला. मी काय रेशनचं दुकान चालवते?"

मी आजवर ताईच्याच पार्टीत होतो. लहानपणी पेपरात मुंबई-पुणे शर्यतीची बातमी यायची, त्यात ‘घाटाचा राजा’ कोण झाला ते आधी शोधायचो. बोरघाट मी तेव्हा पाहिलेलाही नव्हता. पण जीव खाऊन घाट चढणारा, दात-ओठ आवळलेला माणूस डोक्यात पक्का बसला होता. त्या माणसाच्या हँडलवर आकडे दाखवणारी डबी बसवली की तो राजा राहत नाही, मुनीम होतो, असं माझं मत. तीनचार वर्षं मी ते भाच्याला ऐकवत आलोय.

आता गंमत बघा. वॉट हा शब्द माझ्या घरात तीस वर्षं नांदतोय. कूलरच्या पंख्याची मोटर दीडशे-पावणेदोनशे वॉट खाते (खाते तेवढं देत नाही, तो भाग वेगळा), पाण्याचा पंप वीसेक. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६. टूर द फ्रान्स या सायकलच्या सगळ्यात मोठ्या शर्यतीतले पहिल्या फळीतले लोक लांबच्या घाटात अर्धाअर्धा तास चारशेच्या आसपास वॉट काढतात, म्हणजे अर्ध्या घोड्याहून जास्त. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दुकानात हातातला सोल्डरिंग गन खाली ठेवला होता. दोन कूलर फिरवायची ताकद साठ-पासष्ट किलोच्या माणसाच्या मांड्यांतून! आकड्याने कोरडं केलं म्हणून ओरडणाऱ्या माझ्या अंगावर त्याच आकड्याने काटा आणला. पण हे भाच्याला कधी सांगितलं नाही.

मीटर आत काम कसं करतो हेही मी एकदा खोदून खोदून विचारलं. धातूवर चिकटवलेली केसासारखी बारीक पट्टी. पायडल दाबलं की क्रँक नजरेला दिसणार नाही इतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा रेझिस्टन्स किंचित बदलतो. तो बदल मोजायचा, फिरण्याच्या वेगाने गुणायचा, झाले वॉट. उलरिश शोबेरर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९८६ मध्ये सायकलवर बसेल असा हा मीटर काढला. आमच्याच जातीचा माणूस म्हणायचा.

तर आजचं. गोंडखैरीला वळायच्या आधी टपरीवर थांबलो. तर्री पोहे आले. भाच्याने पोहे मोजले नाहीत, तर्रीही नाही. नुसता चमच्याने ढवळत बसला.

"काय झालं बे?"

"मागच्या रविवारी रेस होती ना, मामा. माझा वीस मिनिटांचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा आला."

"अरे वा! मग?"

"चौदावा आलो."

मी हसलो. चूक झाली. त्याने मोबाइल काढून पुढे धरला, एक वरखाली होणारी रेघ. खाली जिंकलेल्या पोराची रेघ, त्याने ॲपवर टाकलेली. वजन दोघांचं जवळपास सारखं. जिंकलेल्याची सरासरी माझ्या भाच्यापेक्षा तीस वॉट कमी.

"म्हणजे तू जास्त जोर लावला आणि मागे राहिला?"

"मी पुढे होतो, मामा. पूर्ण वेळ पुढे. वारा मीच खाऊन राहिलो होतो. ते सगळे माझ्या चाकामागे."

दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून गेलं की पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी तो पुढे राहिला. का? माझा आकडा भारी येऊन राहिला होता म्हणून, असं म्हणाला. डबीवर २७०, २७५ दिसत होतं आणि त्याला आनंद होत होता. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये मागचे तेरा जण एकेक करून निघून गेले.

मी दुकानदार आहे, मला हे लगेच कळलं. मीटरवर खर्च दिसतो. गिऱ्हाईक आलं का गेलं ते नाही दिसत. महिन्याचं वीजबिल सगळ्यात जास्त आलं म्हणून कोणी पेढे वाटतं का?

पण मग दुपारभर कूलरसमोर पडून दुसराच विचार येत राहिला. त्या पोराची चूक आकडा बघण्याची होती, की खुमखुमीची? तो पुढे राहिला, कारण त्याला पुढे राहावंसं वाटलं. मी ज्याला वेड म्हणतो तेच होतं ते, फक्त त्याला निमित्त डबीचं मिळालं. आणि जिंकलेलं पोरगं, आकडे राखून, मागे लपून बसलेलं, त्याला वेड नव्हतं असं मी कशावरून म्हणू?

टूरमधली टीम स्काय या ब्रिटिश संघाची वर्षं मी वैतागून पाहिली. त्यांचेच गडी जिंकायचे: २०१२ ला विगिन्स, मग फ्रूम चारदा, थॉमस, आणि २०१९ ला बेर्नाल तेव्हा संघाचं नाव इनिऑस झालं होतं. घाट लागला की एकाच संघाचे चारपाच जण पुढे येऊन ठरलेल्या वॉटवर गिरणी लावायचे. कोणी सुटायचा प्रयत्न केला तरी हे ढुंकून बघायचे नाहीत, कारण त्याचा वेग त्याला झेपणार नाही हे हिशेबाने ठाऊक. फ्रूम तर मान खाली घालून हँडलकडेच बघत बसे. पॉवर मीटरवर बंदी घाला असं टूरचे संचालक प्रुदोम म्हणाले, कोंतादोरसारखा घाटात उसळणारा गडीही म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. आज वाटतं, गिरणी मीटरने चालत नव्हती. इतर संघांत पुढारी झाले असते असे तीनचार गडी पगारावर ठेवून त्यांना एकाच्या दिमतीला लावायची ऐपत होती, त्याने चालत होती. मीटर तर सगळ्यांकडेच होता.

आणि त्याच फ्रूमने २०१८ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या टूरमध्ये, एकोणिसाव्या टप्प्यावर, अंतिम रेषा ऐंशी किलोमीटर लांब असताना फिनेस्त्रेच्या कच्च्या घाटात सगळ्यांना सोडलं. एकूण वेळेत तीन मिनिटांहून जास्त मागे होता, संध्याकाळी पहिल्या नंबरची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर. असला आडदांडपणा जुन्या जमान्यातच होतो असं आपण म्हणायचो. नंतर कळलं की कुठे किती साखर पोटात जायची हे आधी मांडलेलं होतं, आणि बाटल्या द्यायला संघाची माणसं घाटभर उभी केली होती. वेड्यासारखं पळायचं, पण डबा सोबत घेऊन. आता लोक तासाला ९० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात ढकलतात. २०२४ ला झुरिकच्या जागतिक स्पर्धेत पोगाचार शंभर किलोमीटर बाकी असताना सुटला आणि जिंकला. विज्ञानाने शर्यत मेली म्हणावं तर इतक्या लांबून पळणारे गडी मी तरी पूर्वी फारसे पाहिले नव्हते. ताईचा तांदळाचा काटा म्हणजे त्याचीच गरीब आवृत्ती. हे मात्र मी ताईला सांगणार नाही.

१९८९ च्या टूरची गोष्ट माझी आवडती. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटरची घड्याळाविरुद्धची शर्यत. फिन्यों पन्नास सेकंद पुढे, पॅरिसचाच पोरगा, डोकं उघडं, मागे शेंडी उडतेय. अमेरिकेच्या लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांचं पुढे आलेलं हँडल लावलेलं, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. लेमाँड टूर जिंकला आठ सेकंदांनी. ३,२८५ किलोमीटरनंतर आठ सेकंद! विज्ञानाने शर्यत मारली म्हणणाऱ्याने हा शेवट एकदा बघावा. पण मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. त्या दिवशी लेमाँडने मागच्या गाडीला सांगून ठेवलं होतं की मधल्या वेळा मला कळवू नका. हँडल हवं, हेल्मेट हवं, आकडा नको. दोनेक वर्षांनी हाच लेमाँड शोबेररचा मीटर वापरणाऱ्या पहिल्या व्यावसायिक सायकलपटूंपैकी एक झाला. कधी मोजायचं आणि कधी नाही, हे त्याचं तो ठरवत होता.

आणि ती ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर. गणितात पीएचडी, लोझानला संशोधन करत होती, कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नाही, कोच नाही. सराव, खाणं, उष्णतेचा बंदोबस्त, सगळं स्वतः मांडलेलं. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिंपिक, १३७ किलोमीटर. झेंडा पडताक्षणी ती सुटली, चाळीसेक किलोमीटर बाकी असताना सोबतच्या दोघींनाही मागे टाकलं आणि एकटी पोचली. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो. सव्वा मिनिटाने डच व्हान फ्लूटेन आली आणि हात वर केले, आपणच जिंकलो असं वाटून. बिचारी. आता कीसेनहोफरला कुठल्या खात्यात टाकायचं? तिच्याइतकं हिशेबी डोकं त्या रस्त्यावर क्वचितच दुसरं असेल, आणि तिच्याइतका वेडा डावही दुसऱ्या कोणी टाकला नाही.

आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांच्या आत गेले. तिथे झोप आणि खाणं मोजल्याशिवाय चौथा दिवस दिसत नाही.

अजून एक मुद्दा आहे जो मला ताईच्या पार्टीतून पुरता बाहेर काढतो. विदर्भातलं पोरगं युरोपातल्या कोणाच्या नजरेला कधी पडणार? ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनला २०२० मध्ये घरातल्या ट्रेनरवर पायडल मारून, ऑनलाइन स्पर्धेतून, व्यावसायिक करार मिळाला. २०२२ च्या व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या टूरमध्ये, त्याने दोन टप्पे मारले. आकडा विमानाचं तिकीट न काढता जातो. भाच्याला हे मी आज बोललो नाही, उगाच हवेत जाईल.

तक्रार मात्र एक उरते, आणि ती मी सोडणार नाही. आज पहाटे चौकात त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं? "मामा, माझा स्लीप स्कोअर आज बासष्ट आहे, आज काही माझा दिवस नाही." हातातलं घड्याळ झोपेला गुण देतं, तो हा स्कोअर. पायडलवर पाय ठेवायच्या आधी! मी चार तास झोपलो होतो आणि मला कोणी सांगितलं नव्हतं की माझा दिवस नाही, म्हणून मी आपला चाललो होतो मजेत. मी म्हटलं, "भूकही घड्याळाला विचारून लागते का रे तुला?" तो गप्प.

परत येताना आम्ही सायकली बदलल्या. दोघांच्या बुटांचे क्लीट, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे तुकडे, एकाच जातीचे, म्हणून जमलं. वारा पाठीवर होता, सहा वाजून गेले होते आणि डांबर आत्ताच तापायला लागलं होतं. डबीवर आधी हृदयाचे ठोके १३८, वाडी येईपर्यंत तेवढ्याच वॉटला १५६. "उष्णतेने होते, मामा, रक्त कातडीकडे पळते," तो मागून ओरडला. मला कळलं. तापलेल्या कॉपरचा रेझिस्टन्स वाढतोच.

रविनगरला उतरेपर्यंत मी एकदाही आजूबाजूला पाहिलं नाही. उतरल्यावर लाज वाटली. फ्रूमसारखी मान खाली!

टूर शनिवारी सुरू होतेय. दुकानातल्या टीव्हीवर लावणार, गिऱ्हाइकांनी कुरकुर केली तरी.

आत्ता लिहिता लिहिता राहवलं नाही, त्याला मेसेज टाकला, माझी सरासरी किती आली रे आज? लगेच उत्तर, १६२. म्हणजे एक कूलर, मध्यम स्पीडवर. मी लिहिलं, पण वारा पाठीवर होता, पुढच्या वेळी जाताना मोजू. आणि वीस मिनिटांचा आकडा वेगळा काढून दे. आणि माझ्या वयात किती चांगला म्हणतात?

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, "झोप आता मामा. तुझा स्लीप स्कोअर खराब होऊन राहिला."