पुण्यात ऑर्किड उघड्यावर: कुंडी की फांदी?

पुण्यात ऑर्किडला एकाच वर्षात दोन हवामानं सोसावी लागतात. एप्रिल-मे कोरडा आणि तापलेला, तर जून ते सप्टेंबर दमट. जास्त झाडं पावसाळ्यात जातात, कारण मुळं कुजतात. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर जाड, सच्छिद्र आवरण असतं. ते पटकन पाणी पितं आणि हिरवं दिसतं; वाळलं की चंदेरी होतं. पावसाच्या दोन सरींच्या मध्ये ते चंदेरी होत नसेल, तर लावण्याची पद्धत चुकली आहे.

म्हणून व्हांडा आणि सीतेची वेणी या ऑर्किडसाठी आम्ही कुंडीऐवजी फांदीच पसंत करतो, तिथे मुळं लवकर वाळतात. आंबा किंवा सागाचा खडबडीत सालीचा, फूटभर लांबीचा तुकडा घ्या. पेरू, निलगिरी नको. त्यांची साल सोलून पडते आणि पकडलेली मुळंही तिच्यासोबत निघतात. मुळं सालीवर पसरून तंगुसाने (नायलॉनच्या दोऱ्याने) घट्ट बांधा. रोप हललं, तर मुळांची नवी हिरवी टोकं घासून मरतात. तांब्याची तार वापरू नका, तांबं मुळांना विषारी ठरतं. मॉस (वाळवलेलं शेवाळ) लावायचंच असेल तर मुळांच्या कडेला चिमूटभर, बुंध्यावर कधीच नाही. फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड बांधताना पानांचा मध्य खाली झुकलेला ठेवा. तिथे पावसाचं पाणी साचलं की गाभाच सडतो, आणि मग झाड क्वचितच वाचतं.

फांदीची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते: रोज सकाळी पाणी, मे महिन्यात दुपारनंतर पुन्हा एकदा, तेही अंधारापूर्वी वाळेल असं. सुट्टीत घर बंद राहत असेल तर डेंड्रोबियम हे ऑर्किड आणि कुंडी हीच जोडी बरी.

कुंडी मातीची, बाजूंनाही भोकं असलेली, मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठ्या कुंडीचा मधला भाग वाळतच नाही. तळाला कौलांचे तुकडे, वर नारळाच्या सोडणाचे 2-3 सेंमीचे तुकडे आणि लाकडी कोळसा समप्रमाणात. सोडण आधी तीन दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला, म्हणजे त्यातले क्षार निघतील. गच्चीवर थेट पाऊस पडत असेल तर सोडण वगळून फक्त कोळसा आणि विटांचे तुकडे. सोडण साधारण दोन वर्षांत भुसभुशीत होऊन हवेच्या जागा बुजवतं. तेव्हा ते बदला. डेंड्रोबियमचा जुना भाग काठाला टेकवा, नवा कोंब मध्याकडे. बूड मिश्रणाच्या पृष्ठभागावरच राहू द्या, पुरलं की कोंब कुजतो. उभं राहत नसेल तर काठीचा आधार द्या.

हे सगळं मुळांना नवी टोकं फुटताना करावं, पावसाळ्याच्या बरंच आधी. डिसेंबरच्या थंडीत कुंडी किंवा फांदी बदललेली झाडं महिनोन्‌महिने तशीच बसून राहतात.

पावसात गोगलगायी रात्री मुळांची टोकं खातात. टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. पानावर पाणचट, वास येणारा डाग दिसला तर ज्योतीवर तापवून गार केलेल्या पात्याने कडेच्या थोड्या निरोगी भागासकट कापा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण मुळांवर नको, ती त्यांना सुकवते. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचं साठवलेलं पाणी त्यापेक्षा कितीतरी चांगलं.