कांडोळ: खारघरच्या भरावात पांढरं खोड

सालीच्या सौंदर्यासाठी झाड हवं म्हटलं की रेनबो युकॅलिप्टस पुढे केलं जातं. ते फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या पावसाळी जंगलातलं, बारमाही ओल मागणारं आणि सोसायटीच्या मानाने अवाढव्य. मी कांडोळ निवडला. भुत्या तोच. पानगळीनंतर काळ्या कातळावर उभं पांढरं खोड पाहिलेल्याला नावाचं कारण सांगावं लागत नाही.

बी नर्सरीतूनच घ्यावं. ठाण्याजवळच्या येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून फळं आणता येत नाहीत. फळावरची लव टोचते आणि आग होते, म्हणून जाड हातमोजे हवेत. बी 24 तास साध्या पाण्यात भिजवून मेअखेर अर्धा इंच खोल पेरलं. सोटमूळ लवकर जाड होतं, त्यामुळे पिशवी उथळ नको. 10-12 इंच तरी खोल हवी. मिश्रण लाल माती दोन भाग, जाड रेती एक, कुजलेलं शेणखत अर्धा.

भरावाची चिकट माती ही खरी अडचण. त्यात खड्डा खणला की पावसात त्याची टाकी होते आणि मूळ कुजतं. 2 फूट खोल खड्ड्यात मुरूम आणि दगडगोटे घातले, वर फूटभर उंचवटा केला आणि रोप उंचवट्यावर लावलं. गच्चीच्या पागोळ्या तिथे पडत नाहीत ना, हेही बघावं. लाकूड मऊ असतं, वादळात फांद्या मोडतात. पार्किंगपासून 15-20 फूट तरी लांब.

रोपं सर्वात जास्त मरतात ती हिवाळ्यात, आणि मायेपोटी. पानं गळली की माळी ‘सुकलं’ म्हणून रोज पाणी घालतो. झोपलेल्या रोपाला ते पाणी शोषता येत नाही. नखाने बारीक फांदी किंचित खरवडावी; आत हिरवं दिसलं तर पाणी बंदच ठेवावं आणि पालवीची वाट पाहावी.

पहिली काही वर्षं खोड पांढरं दिसत नाही. धीर धरावा, सालीचे पापुद्रे ओढून काढू नयेत. दिव्यांच्या माळांसाठी खिळा तर मुळीच नको, जखमेतून डिंक वाहतो (कराया डिंक म्हणून विकतात तो हाच).

आणि गेरू-चुना! रस्त्याकडेच्या झाडांच्या सवयीने तो इथेही फासला जातो. म्हणजे ज्यासाठी झाड लावलं तेच झाकायचं. फासलाच गेला तर घासू नका. थोडा पावसात जातो, उरलेला पापुद्र्यांबरोबर सुटतो.