काओ-न्युंग, काओ-हा आणि बाटलीतलं पेट्रोल

उत्तर थायलंडातल्या चियांग माईत भाड्याने घेतलेल्या स्कूटरच्या मीटरवर पेट्रोलची एकच कांडी उरली होती, आणि तीसुद्धा लुकलुकत होती. हा तिथला रिवाजच आहे. गाडी रिकामी मिळते, रिकामी परत करायची. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे 'पी' म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. थाई भाषेत पी म्हणजे वयाने मोठं माणूस, ताई आणि दादा दोन्ही एकाच अक्षरात. पीने तीन हजार बाट अनामत घेतली (पासपोर्ट ठेवून घेणारी दुकानं आम्ही टाळली, तुम्हीही टाळा), गाडीवरच्या ओरखड्यांचे फोटो काढू दिले आणि दोन हेल्मेटं हातात ठेवली.

गाडी मी चालवणार होते. आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवाना मी काढला होता, नवऱ्याने 'उद्या जातो, उद्या जातो' करत विमान गाठलं. त्यामुळे सात दिवस तो मागे, पाठीला बॅग लावून.

"पेट्रोल कुठलं घालायचं?" मी विचारलं. पीने सीट उचलली आणि टाकीच्या झाकणाजवळच्या स्टिकरवर नखाने टकटक केलं. थाई मजकुरात मला कळण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, ९१ आणि ई२०. "नो डीझेल," ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं, थट्टा करतेय.

पहिला पंप दोन चौकांवर. थायलंडात वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे पंपावर शिरताना एकदम सांगलीत असल्यासारखं वाटलं. मग वर भावफलक पाहिला. आपल्याकडे पेट्रोल, डिझेल आणि फार तर ते महागडं 'पॉवर'वालं, संपलं. तिथे एकाखाली एक अर्धा डझन ओळी आणि अक्षरं सगळी थाई. वाचता येत होते ते आकडे: ९५, ९१, ई२०, पुन्हा एकदा ९५, बी७. दोन वेळा ९५ का, आणि त्यातलं एक दुसऱ्यापेक्षा लिटरमागे सात-आठ बाट महाग का, हे काही केल्या कळेना. मागे पिकअपवाला हॉर्नही न वाजवता शांतपणे थांबलेला. ते जास्तच लाजिरवाणं.

मी आप्पांना फोन लावला. हे हास्यास्पद आहे हे मान्य, पण गाडीच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. शिरोळ तालुक्यातून उत्तर आलं, "परक्या मुलखात जोखीम कशाला? सगळ्यात म्हागाचं घाल की."

मी महागाचं घातलं. पंपावरच्या मुलीने "तेम थांग?" असं विचारलं, मी मान डोलावली आणि टाकी फुल झाली. तेम थांग म्हणजे 'टाकी भरून'. सगळ्या प्रवासात मला सर्वांत उपयोगी पडलेले दोन शब्द हेच. आपल्याला 'शंभरचं टाका' म्हणायची सवय असते, ती इथे सोडावी. साडेपाच लिटरची टाकी, समोर डोंगर, अशात शंभरचं टाकून काय होणार?

दुहेरी ९५चं कोडं रात्री गेस्ट हाउसवर सुटलं. तिथे 'गॅसोहोल' म्हणून जे मिळतं, ते पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं. गॅसोहोल ९१ आणि गॅसोहोल ९५ या दोन्हींत इथेनॉल दहाच टक्के, फरक फक्त ऑक्टेनचा. ई२०मध्ये वीस टक्के. ई८५ नावाचंही एक आहे, ते त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांना, आपण त्याच्या वाटेला जायचं नाही. बी७ म्हणजे डिझेल. आणि मी भरलं ते महागडं ९५ म्हणजे 'बेन्सिन', बिनइथेनॉलचं शुद्ध पेट्रोल. बिनइथेनॉलचं ९१ पूर्वी मिळायचं, ते २०१३च्या जानेवारीपासून बंद झालं. म्हणजे शुद्ध हवं तर तेवढं एकच, आणि त्याचे पैसे मोजायचे.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, हा गैरसमज मात्र आप्पांसकट आपल्या निम्म्या महाराष्ट्राला आहे. इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं की ते तापतं. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच ते स्वतःहून पेटलं, तर इंजिन आतून टकटक वाजतं. असं अवेळी पेटणं पेट्रोल किती सहन करतं, ते तो आकडा सांगतो. ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्याला ९५ दिल्याने ते काही जास्त पळत नाही. स्टिकरवर ९१ लिहिलं होतं. मी सात-आठ बाट जास्त देऊन फक्त आप्पांचं समाधान विकत घेतलं.

दुसऱ्या दिवशी माए मालायपासून १०९५ क्रमांकाचा रस्ता धरला. पायपर्यंत ७६२ वळणं आहेत म्हणतात, टी-शर्टांवरसुद्धा छापलेली असतात. (गावाचं नावच पाय. 'पायला गेलो, पायातून निघालो' असे विनोद नवऱ्याने तीन दिवस केले.) रस्ता देखणा, डांबर गुळगुळीत, आणि आंबोली घाटात जसा मधूनच थंड हवेचा झोत येतो तसा इथेही येतो. पण चढ आपल्यापेक्षा उभे. दोन माणसं आणि बॅग घेऊन गाडी लिटरला चाळीसच्या आतबाहेर देत होती.

पायमध्ये आम्ही तीन दिवस हुंदडलो. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ब्रह्मदेशाकडे जायला ही वाट काढली, त्याची आठवण सांगणारा लोखंडी पूल गावाबाहेर आहे. लाल मातीची घळ आहे, गरम पाण्याचे झरे आहेत. माए होंग सोनकडे निघालो तेव्हा कांड्या पुन्हा खाली आलेल्या. निघताना जो पंप लागला तिथे ९१ आणि ९५ दोन्हींच्या मशीनवर कागद चिकटवलेला. "मोत् लेऊ," पोरगा म्हणाला. संपलं. बोट दाखवलं ई२०कडे.

आणि मी गाडी पुढे काढली.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल. आपल्याकडे ई२०वरून काय धुरळा उडालाय, ते तुम्ही पाहिलंच आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक व्हिडिओ, कार्ब्युरेटर गंजलेला, रबरी नळ्या फुगलेल्या. त्यात आमच्या घरची गंमत अशी की ऊस आमचाच. कारखान्यात इथेनॉल होऊ लागल्यापासून बिलाचे पैसे लवकर येतात, असं आप्पा स्वतः सांगतात. पण स्वतःच्या मोटारसायकलीत घालायची वेळ आली की "भेसळ" म्हणतात. तो शब्द माझ्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की झाकणाजवळ ई२० चालतं असं ठळक लिहिलेलं असताना मी त्या पोराला "नो, थँक्यू" म्हटलं. पुढे मिळेल की कुठेतरी.

पुढे मिळालं नाही. पायपासून पांग मफा पंचेचाळीस किलोमीटर, आणि मध्ये किव लोमची खिंड. आख्खी चढण शेवटच्या कांडीवर. दरीत धुकं साचलेलं होतं, थांबलेले लोक फोटो काढत होते. मी थांबले नाही, एकदा बंद केली तर परत चालू होईल याची खात्री नव्हती. उताराला लागल्यावर एका वाडीत टपरीपुढे लाकडी मांडणी दिसली, त्यावर व्हिस्कीच्या बाटल्या ओळीने. उन्हात केशरी रंग चमकत होता. गोव्यात भाड्याच्या गाड्या फिरवलेल्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. किराणा दुकानाच्या पायरीवरच्या मिनरल वॉटरच्या बाटल्या आणि त्यात पाणी नसतं.

म्हाताऱ्या आजींनी नरसाळं लावलं. बाटलीला चाळीस बाट, बाटली लिटरची नव्हे. त्यात काय होतं, ९१, ९५, परवाचं, गेल्या महिन्याचं, कोण सांगणार? आजींना विचारलं तर त्यांनी अंगठा वर केला. आम्ही दोन बाटल्या ओतल्या आणि निघालो. पुढच्या चढावर गाडी ठसकायला लागली. मूठ पिळली की आधी दम खायची, मग धावायची. दोष त्या पेट्रोलचा की टाकीच्या तळाशी उरलेल्या गाळाचा, छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण उघड्यावर, उन्हात ठेवलेल्या पेट्रोलमधला पटकन उडणारा भाग उडून जातो आणि इथेनॉलचं पेट्रोल हवेतली ओलही ओढून घेतं, हे खरं आहे. "बघ," मागून आवाज आला, "शुद्ध पाहिजे होतं ना?"

पांग मफाच्या पंपावर मी मुकाट्याने ई२० घेतलं. तेम थांग. ठसका दहा-पंधरा किलोमीटरांत गेला आणि माए होंग सोनपर्यंत गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज किंचित कमी येतं. दहा टक्क्यांवरून वीसवर गेल्याने एका टाकीमागे सहा-सात किलोमीटरांचा फरक. त्या घाटात एखाद्या ट्रकमागे रखडलं तरी तेवढं जातं.

थायलंडचं इथेनॉल कशाचं, हे माए होंग सोनच्या तळ्याकाठी नूडल्स खाताना वाचलं. एक मळीचं, ते ओळखीचं. दुसरं टॅपिओकाच्या कंदाचं, म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो त्याच कंदाचं. आप्पांना कळवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "म्हंजे गाडी उपासाची."

खरा धोका वेगळाच होता. खुन युआमहून माए सारिआंगकडे शंभर किलोमीटर. मोठ्या रस्त्यावर थायलंडात पंप म्हणजे छोटं गावच, दुकान, कॉफी, स्वच्छ संडास. पण इकडे गावागावांत नाणी टाकायची पेट्रोलची यंत्रं असतात. शीतपेयाच्या कपाटाएवढं यंत्र, नोट किंवा नाणी घालायची, बटण दाबायचं, नळी आपल्याच हाताने टाकीत धरायची. 'झिरो बघा' म्हणणारा माणूस नाही, दुकानदार जेवायला गेलेला. आता मी अर्ध्या टाकीच्या खाली जायचंच नाही, असं ठरवून टाकलं होतं, म्हणून थांबले. दोन नळ्या होत्या. एकीवर ९१, ती चालेना. दुसरीवर नुसता थाई शब्द. म्हटलं, ९१ इकडे म्हणजे ९५ तिकडे असणार. नोटा सरकवल्या, सीट उघडली, नळी उचलली.

शाळेच्या गणवेशातली, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सायकल टाकून धावत आली. दोन्ही हात आडवे हलवत म्हणाली, "दीसेल! दीसेल!"

नळीचं तोंड नाकाशी नेलं. रॉकेलसारखा तेलकट वास. नवऱ्याने ते बोटाला लावून पाहिलं, पेट्रोल उडून जातं, हे तसंच चिकट राहिलं. टाकीत गेलं असतं आणि मी स्टार्टर दाबला असता, तर प्लग बरबटून धूर काढत गाडी तिथेच बसली असती. टाकी उपसून धुण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि जवळचा मेकॅनिक कुठे ते तिथल्या कुत्र्यालाच माहीत. पीची ती थट्टा नव्हती तर.

त्या मुलीने मला तो शब्द मातीत काठीने लिहून दाखवला. पहिलं अक्षर मी चांगलं घोटून घेतलं, पोटात गाठ मारलेला अर्धगोल. मग तिने एक-एक बोट दाखवत आकडे शिकवले. ९१ म्हणजे काओ-न्युंग, ९५ म्हणजे काओ-हा. 'हा' म्हणजे पाच, हे तिला आणि आम्हाला दोघांनाही फार विनोदी वाटलं, कारण मी प्रत्येक वेळी होकारासारखं "हां" म्हणत होते. यंत्रात गेलेल्या चाळीस बाटांचं डिझेल एका पिकअपवाल्याच्या कॅनमध्ये गेलं. त्याने पैसे दिले, वर केळ्यांचा घड.

माए सारिआंग, हॉत, चोम थोंग ही गावं करत परतलो. दोई इंथनोनच्या डोंगरावर जायचं राहिलं. माझी कंबर आणि नवऱ्याचा संयम, दोन्ही संपले होते. सात दिवसांत पेट्रोलवर सगळे मिळून सातशे बाटही गेले नाहीत. ९१ आणि ९५ गॅसोहोलमधला फरक लिटरला अर्धा बाटही नव्हता, म्हणजे '९१ की ९५' या ज्या प्रश्नावर पहिल्या पंपावर मला घाम फुटला त्याची आख्ख्या प्रवासातली किंमत एका चहाएवढीही नाही.

गाडी परत करताना पीने आधी कांड्या पाहिल्या. चार होत्या. ती खूश झाली आणि आम्हाला चरफडायला कारण मिळालं.

रात्री आप्पांचा फोन. "अ‍ॅव्हरेज किती दिलं गं?"

"चाळीसच्या आसपास. ई२०वर सुद्धा. आप्पा, तुमच्या गाडीच्या टाकीजवळ काय लिहिलंय ते बघितलंत का कधी?"

"थांब." पायताणांचा आवाज अंगणात गेला, कुत्रं भुंकलं, बॅटरीची कळ वाजली. बऱ्याच वेळाने ते परत आले.

"२०१२ची गाडी. काय बी लिव्हलेलं न्हाई," आप्पा म्हणाले. "आता काय घालू?"