बायकोचं ब्लाउज अन् ताईंचं इन्सुलिन

माझं मेडिकल मानेवाडा रोडला आहे. मेडिकल म्हणजे दुकान बरं का, नागपुरात मेडिकल म्हटलं की लोक मेडिकल चौकातलं सरकारी कॉलेजच धरून चालतात. तर मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा लागायचा होता अजून, पण दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला होता, आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या ताई आल्या, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चिठ्ठी काउंटरवर ठेवली अन् म्हणाल्या, "भाऊ, हे द्या, अन् झोपेच्या दहा गोळ्या पण द्या."

चिठ्ठी बघितली. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, ११.४, फारच जास्त. इन्सुलिन तेच जुनं तीस-सत्तरवालं, पण आधी सकाळी १४ आणि रात्री ८ युनिट होतं ते आता २२ आणि १६ केलेलं. खाली 'गोड पूर्ण बंद', त्याच्याखाली दोन रेघा.

आता आमच्या धंद्यातला हिशोब सांगतो. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारं एक कार्ट्रिज ३ एमएलचं, म्हणजे ३०० युनिट. जुन्या डोसचे १४ अन् ८ मिळून रोजचे २२, वर दर वेळी सुईतली हवा काढायला दोन-दोन जातात, म्हणजे एक कार्ट्रिज अकरा-बारा दिवसांच्या वर जातच नाही. कॉम्प्युटरला ताईंचं नाव टाकलं तर दिवाळीपासून फक्त दोन कार्ट्रिज. दोन! आणि खरं सांगू का, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असं नाही. आधीही दिसलं होतं, तेव्हा मला वाटलं ऑनलाइन डिस्काउंटमध्ये घेत असतील, म्हणून मी मनातल्या मनात रुसून बसलो होतो.

घरी बायकोची वेगळीच कटकट. तिचं ब्लाउज ताईंकडे टाकून तीन महिने झालेले, ज्या लग्नासाठी टाकलं ते लग्नही होऊन गेलं, तिनं वहिनीचं मागून घातलं. ज्या बाईंची मशीन रात्री दहालाही आम्हाला ऐकू यायची ती मशीन बंद आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, आणि सगळे नुसते आपापल्या कपड्यांसाठी चिडलेले.

मी म्हटलं, "ताई, इन्सुलिन रोज घेता का?"

त्या काहीच बोलल्या नाही. मग हळूच म्हणाल्या, "घेऊन काय करू भाऊ."

आतल्या फ्रिजजवळ स्टूल आहे, तिथं बसवलं, पाणी दिलं. तेव्हा कुठं बोलल्या. कारण काही नाही म्हणे, घरी सगळं चांगलं आहे, पोरगी नोकरीला लागली, तरी सकाळी उठायचं म्हटलं की अंगावर दगड ठेवल्यासारखं होते. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं, झोप नाही. कात्री हातात घेतली की कापड कुठून कापायचं तेच सुचत नाही.

"डॉक्टरला सांगितलं हे?"

"काय सांगू. आत गेली अन् रडूच आलं. तर म्हणे रडायला वेळ आहे, चालायला नाही? मिठाई तुम्ही खायची अन् बोलणी आम्ही खायची. बाहेर तीस जण बसून आहेत, असं म्हणून चिठ्ठी लिहिली. मिठाई कुठची भाऊ, अर्धी पोळी जात नाही घशाखाली."

डॉक्टर हुशार आहेत, त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं दुकान चालते, त्यामुळं मी काय बोलणार. पण बोलतोच. रिपोर्ट पाहून त्यांनी धरून घेतलं की जुना डोस चालू आहे आणि कमी पडतोय, म्हणून वाढवला. घेता का हे विचारलंच नाही. आता ही बाई बोलण्याच्या धाकानं घरी जाऊन अर्ध्या पोळीवर २२ युनिट टोचणार, शुगर धाडकन खाली येणार, घाम, थरथर, चक्कर, आणि रात्री वरून झोपेची गोळी घेऊन पडलेली असली तर कोणाला कळणार? माझ्या तर पोटात गोळाच आला.

झोपेच्या गोळ्या चिठ्ठीवर नव्हत्या, चिठ्ठीशिवाय त्या मी कोणालाच देत नाही. पण नुसतं नाही म्हणून चालणार नव्हतं. आमच्या शिक्षणात हे कोणी शिकवत नाही, माझी जीभच वळेना, तरी विचारलं, "ताई, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येते का?" त्या म्हणाल्या, "तसं नाही. पण सकाळ झालीच नाही तर बरं होईल असं वाटते." 

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरची पोरगी म्हणे सर बिझी आहेत, मी म्हटलं असू दे, मी लाइनवर आहे. सात-आठ मिनिटांनी डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं, कार्ट्रिजचा हिशोबही. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मग काहून नाही सांगितलं त्यांनी मला?" मी गप्पच राहिलो. शेवटी म्हणाले, वाढवलेला डोस नका देऊ, जुनाच कमी करून सुरू करा, तीन दिवस घरी शुगर तपासून मला पाठवायला सांगा. आकडे त्यांनीच सांगितले, मी चिठ्ठीच्या मागं लिहून घेतले. मनाचं विचारलं तर म्हणे, हो, सायकियाट्रीला दाखवा. हे वाक्य ताईंना दोन तास आधी ऐकायला मिळालं असतं तर काय बिघडलं असतं?

मग टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर लावून दिला, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री पण लागते. ताई वीसेक मिनिटं बोलल्या. तेवढ्यात मी त्यांच्या पोरीला फोन करून बोलावून घेतलं, घरातलं पेन अन् सुया तिच्या हातात राहतील असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन गेली. तिथं गोळी सुरू झाली, असर यायला तीन-चार आठवडे लागतील असं आधीच सांगितलं म्हणे, ते बरं केलं, नाहीतर आठ दिवसात बंद करतात लोक.

जुलैत ताई आल्या. शुगर अजून जास्तच आहे, उपाशीपोटी १८०-१९० च्या घरात. कार्ट्रिज नेलं, मी गुपचूप तारीख पाहिली, आधीचं सतरा दिवस चाललं होतं, डोस कमी केलेला धरला तरी अधूनमधून चुकत असावं. मी काही बोललो नाही. पिशवीतून त्यांनी बायकोचं ब्लाउज काढून दिलं. हुक लावायचे राहिले होते, ते बायकोनं घरीच लावले.