ओ-लाइनच्या खोलीत जागा मिळवताना

अमेरिकन फुटबॉलमध्ये पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं नाव गावभर होतं आणि त्याला उभं ठेवणाऱ्या पाच जणांना त्यांच्या आईबापांशिवाय कुणी ओळखत नाही. आमचे चिरंजीव त्या पाचांतले. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल; ही ऑफेन्सिव्ह लाइन, रोजच्या बोलण्यात ओ-लाइन. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. इथल्या मराठी मंडळात स्पेलिंग बी, रोबोटिक्स, टेनिस यांतले मुरलेले पालक हवे तेवढे भेटतात. कॉलेज फुटबॉलच्या रिक्रूटिंगमधून, म्हणजे कॉलेजांच्या खेळाडू निवडण्यातून, गेलेलं कुणी भेटेना. म्हणून लिहायला बसले. अनुभव 2025 च्या बॅचचा आहे. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा तुमच्या वर्षाचे तुम्ही बघून घ्या.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची संघटना; तिच्या एलिजिबिलिटी सेंटरवर नोंदणी, डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या पातळीसाठी 16 कोअर कोर्स आणि त्यांत किमान 2.3 जीपीए. आपल्याकडच्या घरांत याची चिंता सहसा नसते. मार्क चांगले असतील तर उलट फायदाच, तो कसा ते पुढे येईल.

अवघड भाग सुरू होतो फिल्मपासून. हडल या व्हिडिओच्या साइटवर मॅचचे तुकडे टाकायचे आणि लिंक कोचना पाठवायची. कोच पहिले चार-पाच प्ले बघतात, पुढचं नशीब. उत्तरं येतात, पण बहुतेक कॅम्पची आमंत्रणं असतात, आणि कॅम्पला फी असते. सुरुवातीला प्रत्येक ईमेल आली की घरात दिवाळी. नंतर कळलं की तीच ईमेल साऱ्या तालुक्याला गेलेली असते.

जूनमधला कॅम्प म्हणजे आधी मोजमाप. बूट काढून उंची, मग वजन, मग पंजा, मग हाताची लांबी. चिरंजीव 6 फूट 4 इंच, 265 पौंड, म्हणजे 120 किलो. सोलापूरच्या मापाने डोंगरच. पण कॉलेजची लाइन 300 पौंडांच्या आसपास असते आणि टॅकलला हात लांब लागतात, कारण टोकाला येणारा डिफेन्सिव्ह एंड वेगवान असतो आणि त्याला लांबूनच थोपवावं लागतं. टेप धरणाऱ्याने आकडा ओरडून सांगितला, लिहिणाऱ्याने लिहिला आणि हायस्कूलभर टॅकल खेळलेल्या मुलाला तिथल्या तिथे गार्डांच्या रांगेत पाठवलं. कुणी काही बोललं नाही. हात आखूड निघाले, संपला विषय.

मग वन-ऑन-वन. समोर एक रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, मागे क्वार्टरबॅकच्या जागी उभी केलेली एक बादली. बुड खाली, पाठ ताठ, मागे मागे सरकत जायचं आणि नेमक्या क्षणी दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर मारायचे. घाई केली की तो हात झटकून आतून निसटतो, उशीर केला की तोच तुमच्या छातीत शिरतो. एकेक झुंज तीन-साडेतीन सेकंदांची. आई म्हणून बघायला हा प्रकार भयंकर आहे. माझ्या नवऱ्याने व्हिडिओ काढायची जबाबदारी घेतली, म्हणजे डोळे स्क्रीनवर ठेवता येतात.

याच कॅम्पात एका लहानशा एफसीएस (डिव्हिजन वनमधली खालची पातळी) कॉलेजच्या लाइन कोचने मुलाला बाजूला घेतलं, हातात बॉल दिला आणि शॉटगन स्नॅप करायला लावलं. पायांमधून बॉल मागे फेकायचा आणि त्याच दमात समोरच्याला धक्का द्यायचा. पहिले दोन गवतात गेले. नंतरचे बरे पडले. कोचने आम्हाला स्वच्छ सांगितलं की त्याला टॅकल नको आहेत, ते त्याच्याकडे भरपूर आहेत. सेंटरला काही झालं तर त्याच्या जागी उभा राहील असा मुलगा हवाय.

त्या दिवसापासून मी स्टेडियमकडे बघणं सोडलं आणि रोस्टर, म्हणजे संघातल्या मुलांच्या याद्या, वाचायला लागले. सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. ओ-लाइनमध्ये तुमचा मुलगा किती चांगला, याआधी प्रश्न येतो की खोलीत जागा कुठे आहे. कोच तिला ‘रूम’च म्हणतात. साधारण पंधरा-सोळा लाइनमन, त्यांतले पाच खेळतात. डिफेन्सच्या लाइनसारखी इथे अदलाबदल होत नाही. पाच जण एकत्र रुळले की कोच त्यांना हलवत नाही. म्हणजे सहाव्याला संधी मिळते ती कुणाचा तरी घोटा मुरगळला तर. म्हणून सहावा आणि सातवा मुलगा असा हवा असतो, की जो दोन-तीन जागा सांभाळेल. दोन्ही टोकांना चालणारा एक टॅकल, गार्डही खेळू शकणारा एक सेंटर. हा साठा तयार व्हायला पूर्वी वेळ मिळायचा: सतरा-अठराचं पोर आणायचं, पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये (सराव करायचा, पण खेळायच्या वर्षांत ते धरलं जात नाही) बसवायचं, दोन वर्षं खाऊ-पिऊ घालायचं, तिसऱ्या वर्षी उभं करायचं.

आता ट्रान्सफर पोर्टल आहे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू नाव टाकतात ती यादी. 2024 पासून अभ्यासात पात्र असलेला मुलगा कितीही वेळा कॉलेज बदलू शकतो. मग वीस मॅच खेळलेला, एकवीस वर्षांचा, 310 पौंडांचा तयार गडी मिळत असताना कोच माझ्या मुलाची तीन वर्षं वाट का बघेल? काही बघतात. ते ओळखण्यासाठी आम्ही प्रत्येक ठिकाणी तेच विचारत गेलो: खोलीत कोणत्या वर्षाचे किती, सेंटर खेळू शकणारे किती, गेल्या हिवाळ्यात पोर्टलमधून किती आणले, आणि आत्ताच्या पाचांतले हायस्कूलमधून थेट आलेले किती? शेवटच्या प्रश्नावर कोचचा चेहरा बघावा.

एका मोठ्या विद्यापीठाने प्रिफर्ड वॉक-ऑनची जागा देऊ केली. म्हणजे संघात घेऊ, पैसे नाहीत. ओहायोत वॉक-ऑन म्हटलं की लोक जेसन केल्सीचं नाव घेतात. क्लीव्हलंड हाइट्सचा मुलगा, सिनसिनाटी विद्यापीठात वॉक-ऑन लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्समधला खेळाडू, म्हणून गेला, तिथे ओ-लाइनमध्ये आला आणि पुढे फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघासाठी 13 हंगाम सेंटर खेळला. सगळं खरं. पण तेव्हा पोर्टल नव्हतं आणि रोस्टरवर आजच्यासारखी मर्यादा नव्हती. 85 स्कॉलरशिपवाले आणि वर तीस-चाळीस वॉक-ऑन, असा संसार चालायचा. आम्ही विचार करत होतो तेव्हा एनसीएएविरुद्धच्या हाउस खटल्याच्या तडजोडीतली, संघात 105 च खेळाडू ही मर्यादा दारात उभी होती (जून 2025 मध्ये ती तडजोड मंजूर झाली), आणि कात्री आधी वॉक-ऑनवर चालणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आम्ही नमस्कार केला. आणखी एका ठिकाणी फोनवर ऑफर आली. मुलाने हो म्हणायला फोन केला, तर कोच सापडेनात. अशा ऑफरी बऱ्याच असतात. उचलता येत नाहीत, नुसत्या मिरवायच्या.

शेवटी स्नॅप करायला लावणारं ते लहान कॉलेजच ठरलं. एफसीएसमध्ये तेव्हा 63 स्कॉलरशिपचे तुकडे करून जास्त मुलांत वाटता यायचे. मुलाला अर्धी मिळाली, आणि मार्कांवरची वेगळी मदत तिला जोडता आली. मघाशी म्हटलेला फायदा तो हा. 4 डिसेंबर 2024 ला सही झाली. त्या कॉलेजलाच जाईन असं लिहून देण्याचं, वर्षानुवर्षं चालत आलेलं लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबरमध्येच रद्द झालं होतं, त्यामुळे सही आर्थिक मदतीच्या करारावर. मी तो ओळ न् ओळ वाचला. शाळेच्या जिममध्ये टोपी घालून फोटो काढणं तेवढं नवऱ्याकडे दिलं.

मग घरी वजन वाढवण्याचा कारखाना सुरू झाला. प्रोटीन शेक त्याला पचेनात. शेंगदाण्याचे लाडू पचले. माझ्या आईच्या मापाने भरपूर गूळ, थोडं तूप, आणि हाताला तेल सुटेपर्यंत कूट मळायचं. दोन लाडू आणि मोठा ग्लास दूध, झोपायच्या आधी. कोचला कृती पाठवली, उत्तर नाही आलं.

सोलापुरात अण्णांचं म्हणणं इतके दिवस एकच होतं, “पोरगं एवढं आडदांड, मग बॉल घेऊन पळत का नाही?” लाइनमनला पुढे फेकलेला पास झेलताही येत नाही, हे त्यांना पटत नसे. आता निदान सांगता येतं की प्रत्येक प्लेला बॉलला पहिला हात त्याचाच लागतो. त्यावर त्यांचा प्रश्न, “मग लगेच देतो कशाला?”

2025 चा हंगाम रेडशर्टचा. चार मॅचपर्यंत खेळूनही वर्ष वाचतं. तो दोन मॅचमध्ये शेवटी शेवटी उतरला, निकाल लागून गेल्यावर. 2 ते 16 जानेवारीची पोर्टलची खिडकी उघडली तेव्हा खोलीतले दोघे गेले आणि बाहेरून एक गार्ड आला. आम्ही ते दोन आठवडे फोन उलटा ठेवून काढले. स्प्रिंगच्या सरावाच्या यादीत तो दुसरा सेंटर आणि तिसरा गार्ड आहे, वजन 284.

पुढच्या बॅचमध्ये कोचने एक सेंटर घेतलाय. चिरंजीवांनी त्याची फिल्म आमच्याआधी बघून ठेवली होती. स्नॅप चांगला आहे, म्हणाले, पण हात आखूड आहेत.