‘फिट फॉर स्विमिंग’ चालत नाही

अंदमानात स्वराजद्वीपला (आपल्या तोंडी अजूनही हॅवलॉकच) स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचा) ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स केला. चार दिवसांत पास झालो, पाण्याखाली काय पाहिलं तेही सांगतो. पण आधी त्या तीन पानी मेडिकल फॉर्मबद्दल बोलू द्या. दीड महिना झाला, अजून आठवलं की डोकं तापतं.

माझं वय ४७. सहा वर्षं बीपीची एक गोळी चालू आहे. तारकर्लीला दोनदा पाण्याखाली जाऊन आलेलो, त्यामुळे आपण अगदीच नवखे नाही, अशी हवा डोक्यात होती. तिथे मागून एक मुलगा धरून नेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत फोटोसकट वर आणतो, हे मी सोयीस्कर विसरलो होतो. बुकिंग झाल्यावर सेंटरने मेलवर चार फाइली पाठवल्या. तीन वाचल्या. चौथी उघडली ती निघायला बारा दिवस उरले तेव्हा.

दहा प्रश्न, हो किंवा नाही. दुसराच प्रश्न वय ४५च्या वर आहे का. हो म्हटलं की पुढच्या पानावर उपप्रश्न: सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेलं का. दहावा प्रश्न, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध चालू आहे का. तिथे एक ‘हो’ पडला की तिसऱ्या पानावर डॉक्टरांची सही हवी. माझे दोन पडले.

“सगळीकडे नाही टाक रे, कोण बघतंय,” असं मित्र म्हणाला. हात तसा वळलाही होता, खोटं कशाला बोलू. बायकोने पेन काढून घेतलं.

आमचे फॅमिली डॉक्टर वीस वर्षं ओळखतात. फॉर्म पाहून हसले. “अरे, मी जुहूला गुडघाभर पाण्यापुढे गेलेलो नाही. तुझी हमी कशी घेऊ?” हे मला पटलं. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, एका मोठ्या हॉस्पिटलात. वेळ अकराची, नंबर लागला पावणेतीनला. ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले, सगळे नॉर्मल. मी आनंदाने तिसरं पान पुढे केलं.

“बाहेरच्या फॉर्मवर आम्ही सही करत नाही. पॉलिसी आहे.”

मग त्यांच्या लेटरहेडवर एक ओळ लिहून मिळाली: ‘फिट फॉर स्विमिंग’. सेंटरला व्हॉट्सॲप केलं. दोन मिनिटांत उत्तर: सर, स्विमिंग नाही, डायव्हिंग. आणि सही फॉर्मवरच, शिक्क्यासकट. पुन्हा हॉस्पिटल. काउंटरवरची बाई म्हणाली, अर्ज द्या. अर्ज घेणारी खिडकी एक वाजता बंद होते. तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेलो तर खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज वाचून विचारलं, “हे क्लेमसाठी आहे का?” नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. तिसऱ्या दिवशी कळलं की हे ‘मेडिको-लीगल’मध्ये मोडतं आणि संबंधित साहेब रजेवर आहेत. लोखंडी खुर्चीवर बसून मी विमानाची तिकिटं रद्द केली तर किती पैसे कापतात ते पाहत होतो.

सुटका झाली ती आमच्याच गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या एका एमडी फिजिशियनकडे. या बाईंनी तिन्ही पानं वाचली. डॉक्टरांसाठीच्या सूचना कुठे मिळतील, तो वेबसाइटचा पत्ता फॉर्मवरच छापलेला असतो. तो उघडून पाहणाऱ्या त्या पहिल्याच. गोळीचं नाव विचारलं, दोनदा बीपी घेतलं, स्ट्रेस टेस्टचा कागद नीट पाहिला. “पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावर ताण येतो. म्हणून विचारतात हो हे,” असं त्यांनी समजावलं. दहा मिनिटांत सही. तारीख टाकायची राहिली, ती रिक्षात बसल्यावर लक्षात आली. धावत परत.

म्हणून, वय ४५च्या पुढे असेल किंवा कसलीही रोजची गोळी असेल तर विमानाच्या तिकिटाआधी हा फॉर्म भरा. मोठ्या हॉस्पिटलच्या नादी लागू नका.

बाकी कोर्स सरळ पार पडला. दोनशे मीटर पोहणं, दहा मिनिटं तरंगणं, मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढणं. शेवटचं सोडून सगळं सोपं. नीमो रीफला आमचा सराव चालायचा तेव्हा समुद्रफुलातला (सी ॲनिमोनी) बोटभर मासा चक्क माझ्या काचेवर चालून आला. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याचा करकर आवाज ऐकू येतो, आणि मग तेच वाळू होऊन मागून बाहेर पडतं! बेटावरची पांढरी वाळू बरीचशी अशी आहे हे कळल्यावर बायको किनाऱ्यावर बसेना. मधेच मेलेल्या प्रवाळाचे राखाडी ढीग लागतात. २०१० साली समुद्र तापला तेव्हा अंदमानात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, त्याच्या खुणा असाव्यात. माकूल (स्क्विड) मी आजवर ताटातच पाहिलेलं. इथे ते डोळ्यासमोर रंग बदलत मागे मागे सरकत गेलं. शेवटच्या डाइव्हला अठरा मीटर, या कोर्सनंतर मिळणाऱ्या कार्डावरची कमाल खोली. तिथे माझ्या घड्याळाचा लालभडक पट्टा मातकट दिसत होता.

हो, एक राहिलंच. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ द्यावे लागतात, तेव्हा परतीचं तिकीट त्या हिशेबाने काढा. सर्दी असेल तर उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. आणि शंख-प्रवाळ उचलू नका, विमानतळावर बॅगा तपासतात.

सहीचा तो कागद वर्षभर चालतो. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळचं डायव्हिंग मुदत संपण्याआधी उरकायचं ठरवलंय.