केण्यात अडकलेले सात आठवडे

यादवकाळातलं रोजचं जगणं सांगणारं एक जाडजूड पुस्तक मागच्या महिन्यात एकदाचं संपवलं. ग्रंथालयाचं आहे. चौथ्यांदा मुदत वाढवायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलंच, "काका, पाठ करताय का?"

घरं, कपडे, सणवार ही प्रकरणं भराभर झाली. लीळाचरित्रातले दाखले येतात तिथे तर मजाच येते. गाडी रुतली ती पैसा आणि मापांच्या प्रकरणात. तेवीस पानांना सात आठवडे लागले, आणि लेखकावरचा राग अजून गेलेला नाही.

हे महाशय आधी पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या शिलालेखातल्या देणग्या सांगतात. शक ११९५ पासूनच्या. कोणी गद्याण दिले, कोणी दाम, कोणी आसू. पान उलटलं की थेट भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातलं पैशांचं कोष्टक: २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. वराटक म्हणजे कवडी, एवढंही तळटीपेत नाही. मी बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस, बसलो वही घेऊन. एका निष्काच्या २०,४८० कवड्या निघाल्या. खूश झालो. मग गद्याण शोधायला गेलो तर या कोष्टकात तो नाहीच!

तो सापडला वजनांत. २ यवांची गुंज, ३ गुंजांचा वल्ल, ८ वल्लांचं धरण, २ धरणांचा गद्याणक. म्हणजे ४८ गुंजा. मग पंढरपूरला भक्ताने दिलं ते नाणं की तोलून दिलेलं सोनं? लेखक एका वाक्यात नाणं म्हणतो, पुढच्यात वजन. वहीतलं पान चारदा खोडलं. शेवटी जेवताना आईपुढे कुरकुर केली. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? आम्ही नाही का रुपयाभार सुंठ आणायचो?" रुपया नाणंही आणि वजनही. तीन आठवड्यांचा गुंता ताटावर सुटला. (हे प्रकरण रात्री जेवून वाचू नका. मी दोनदा चष्म्यासकट झोपलो.)

एवढ्यावर भागलं नाही. पुढे खानदेशातल्या पाटणचा, शक ११२८ चा लेख. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चंगदेवाने, तिथे मठ काढला. त्याला दिलेल्या दानांची ही नोंद. त्यातली मराठी ओळ: "इयां पाटणीं जें केणें उघटे". माझं आजोळ चाळीसगावचं, पाटणादेवीला लहानपणी कितीदा तरी गेलोय, त्यामुळे छाती फुगवून अर्थ लावला. केणें म्हणजे केना, ती पावसाळ्यातली रानभाजी. बिचाऱ्या गरिबांच्या भाजीवरही कर, म्हणून दोन दिवस हळहळलो. मग 'उघटे' कुठे बसेना. भाजी उगवते, उघडते कशी?

केणें म्हणजे विक्रीचा माल. पाटणच्या बाजारात जो माल विकायला उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असा सरळ अर्थ. हे कळलं सहाव्या आठवड्यात, कारण पुस्तकाच्या शेवटी, घडी घातलेल्या नकाशाच्या मागे, शब्दसूची होती. प्रस्तावनेत तिचा उल्लेख नाही, अनुक्रमणिकेत नाही. तेव्हा असलं पुस्तक हाती आलं तर आधी मागून उघडा. वही सुरुवातीपासून ठेवा, मी उशिरा घेतली. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर तळटिपांआधी त्यांना विचारा.

उरलेली दीडशे पानं नऊ दिवसांत झाली.

परवा मंडईतून आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि ऐटीत म्हटलं, "आई, केणें आणलंय."

"मग निवडायला बस," ती म्हणाली.